कर्टिसची बिडाची शेगडी

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या नॉर्बी गावात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. हो तर त्याहून म्हणत नाही. कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा 'नको, कशाला उगाच' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'खरंच नको, आत्ताच झाली' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप' म्हणायचं. विचारणाऱ्यानेही तीनदा विचारायचं असतं. दोनदा विचारून जो थांबला तो चिक्कू, आणि पहिल्याच विचारण्याला जो हो म्हणाला तो बाहेरगावचा. ही रीत कुणी कुठे लिहून ठेवलेली नाही. नाही ठेवली हे एका परीने बरंच झालं म्हणायचं, कारण पुढे जे प्रकरण झालं त्यात जे जे कागदावर होतं ते ते सगळं व्हर्लिन हाउगेनच्या अंगावर आलं.

व्हर्लिन म्हणजे गावच्या शाळेची पिवळी बस चालवणारा. वय एकसष्ट. सत्तावीस वर्षं बस चालवून एक ओरखडा नाही, आणि हे तो स्वतः कधीच सांगत नसे. त्यासाठी बैठकीच्या खोलीत एक फ्रेम होती, आणि पाहुण्यांना बरोबर तिच्यासमोरची खुर्ची दिली जायची. रोज पहाटे उणे वीस अंशांत हातात विजेरी घेऊन तो बसभोवती फेरी घालायचा, चाकाचा नट न् नट बघायचा. नवे चालक शिकायला यायचे तेव्हा त्यांना सांगायचा, "गाडीवर जो आकडा लिहिलेला असतो ना, तो वाचायचा. वाचता येत नसेल तर पुसून वाचायचा." हे वाक्य त्याने निदान चाळीस जणांना ऐकवलं असेल. त्यातल्या एकालाही ते पुढे वकिलापुढे आठवू नये एवढीच त्याची नंतर देवाजवळ प्रार्थना होती, आणि देवाने तेवढी ऐकली.

त्या शनिवारी त्याला आपली मासेमारीची खोली गोठलेल्या तळ्यावरून काढायची होती. मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत सगळ्यांनी आपापल्या खोल्या काढायच्या असा सरकारी हुकूम, कारण बर्फ सुटायला लागलं की खोली तळाशी जाते आणि मग ती काढायला सरकार येतं, आणि सरकार फुकट येत नाही. सोळा फूट लांब, आत बसून बर्फाखाली गळ सोडायला जमिनीत सहा भोकं, दोन बाकं, एक चूल, आणि चाकं वर ओढून बर्फावर टेकवता येईल अशी ती खोली. दारावरच्या पत्र्यावर लिहिलं होतं, रिकामं वजन तीन हजार नऊशे पौंड. पिकअपच्या रंगीत पुस्तिकेत लिहिलं होतं, ही गाडी नऊ हजार पौंड ओढते. नऊ हजारातून चार हजार गेले, पाच हजार शिल्लक. असं गणित सुटलं की माणसाला झोप छान लागते.

आता पिकअपच्या मागच्या बाजूला, खाली, ज्या हुकाला खोली अडकवायची त्या हुकावरही एक चिकटपट्टी होती आणि तिच्यावरही एक आकडा होता. पण तिच्यावर चार हिवाळ्यांचं रस्त्यावरचं मीठ आणि चिखल बसला होता. बस असती तर व्हर्लिनने पाठीवर झोपून, थुंकी लावून तो आकडा वाचला असता. घरच्या गाडीखाली कोण झोपतो? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा.

सकाळी आठला तो तळ्यावर गेला तेव्हा खोलीचा खालचा सांगाडा बर्फात पक्का रुतला होता. हिवाळाभर सांडलेलं पाणी, वितळलेलं बर्फ, पुन्हा गोठलेलं पाणी. दोन तास कुऱ्हाड चालवली. मेहुणा लॉवेल, म्हणजे बायकोचा सख्खा भाऊ, दोन्ही हात खिशात घालून मदतीला उभा होता.

"एवढं बर्फ खाली लटकलेलं राहू दे," लॉवेल म्हणाला. "रस्त्याला लागलं की आपोआप गळेल."

"वजन वाढेल ना रे."

"वजनाचं काय घेऊन बसलास. कंपनीवाले आकडा नेहमी कमीच लिहितात. वकिलांसाठी असतो तो. खरा आकडा दीडपट धरायचा."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायचं काय त्यात, सगळ्यांना माहीत आहे," लॉवेल म्हणाला, आणि मग तळ्याच्या पलीकडच्या काठाकडे बघत, जणू काठालाच सांगतोय अशा आवाजात म्हणाला, "माझा जनरेटरही न्यायचाच आहे म्हणा. आणि ते थोडं सरपण. पण बघेन मी, माझं मी."

व्हर्लिनने तीनदा आग्रह केला. जनरेटर आत गेला. 'थोडं सरपण' म्हणजे अर्ध्या ओल्या ओंडक्यांची रास होती, तीही गेली.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशा मग पास्टरबाई आल्या. दरवर्षी फेब्रुवारीत चर्चचं एक जेवण बर्फावर होतं, त्याच्या चाळीस लोखंडी घडीच्या खुर्च्या आणि कॉफीचं मोठं पिंप अजून तिथेच होतं. "तुझ्यावर भार टाकावा असं मुळीच मनात नाही, व्हर्लिन," पास्टरबाई म्हणाल्या. "मी आपली फक्त खुर्च्या मोजायला आले होते." खुर्च्या मोजायला कुणी हातमोजे घालून, बांधायची दोरी घेऊन येत नाही, पण पास्टरबाईंना असं म्हणायची कुणाची छाती आहे? चाळीसच्या चाळीस आत गेल्या. बाकांखाली, बाकांवर, भोकांवर. पिकअपचं बूड खाली बसलं आणि नाक वर आलं.

आणि शेवटी कर्टिस ओल्मस्टेड.

कर्टिस व्हर्लिनचा तीस वर्षांचा शेजारी. तळ्याचा रस्ता टेकडी उतरून जिथे वळतो त्या वळणावरच त्याचं घर. गोड माणूस. इतका गोड की त्याच्याशी बोलून आल्यावर आपण आपलं काहीतरी देऊन आलो आहोत हे घरी पोचेपर्यंत लक्षात येत नसे. त्याची पाठ गावात प्रसिद्ध होती. काही उचलायचं असलं की दुखायची, बोलिंगचा जड चेंडू फेकताना मात्र नाही. त्याने आपली लाकडी खोली आदल्या आठवड्यात मोडून नेली होती. तिच्यातली बिडाची शेगडी तेवढी बर्फावर राहिली होती, चारशे पौंडांची, चार नक्षीदार पायांची, कर्टिसच्या आजोबांची.

"काय रे, शेगडी राहिली वाटतं," व्हर्लिन म्हणाला. यात विचारण्यासारखं काही नव्हतं. पण नजरेला नजर भिडली होती.

"राहू दे. सोमवारपर्यंत होईल काहीतरी."

"माझ्या खोलीत टाक की. तुझ्या दारावरूनच जायचंय मला."

"नको नको, तुला कशाला त्रास."

"त्रास कसला त्यात."

"खरंच नको, व्हर्लिन. तुझ्याकडे आधीच बरंच भरलेलं दिसतंय."

इथे व्हर्लिनने वळून गाडीकडे पाहिलं. गाडीचे स्प्रिंग चपटे झाले होते. पोटात कुठेतरी सत्तावीस वर्षांचा बसवाला जागा होऊन म्हणाला, पुरे. पण विचारून झालं होतं दोनदाच. दोनदा विचारून थांबायचं म्हणजे उद्या चर्चमध्ये कर्टिसच्या बायकोने, बेव्हरलीने, व्हर्लिनच्या बायकोला, लव्हॉनला, सगळ्यांसमोर म्हणायचं, 'तुमच्या घाईत आमची अडचण नको होती हो.' आणि लव्हॉनने घरी येऊन आठवडाभर भांडी जरा जास्त आवाज करून ठेवायची.

"टाक रे," व्हर्लिन म्हणाला. "असं काय करतोस."

"बरं. तू एवढं म्हणतोसच तर," कर्टिस म्हणाला, आणि शेगडी हलली. कारण शेगडीखाली ढकलगाडी आधीच सरकवलेली होती आणि तिचे पट्टेही करकचून बांधलेले होते.

तळ्याचा चढ पिकअपने कुंथत का होईना पार केला. मागून कर्टिस आपली पिकअप घेऊन येत होता. रिकामी. हे व्हर्लिनला आरशात दिसत होतं आणि त्याला त्याचं काही वाटलंही नाही, इतकी माणसाला सवय लागते. टेकडीवरून उतार लागला तसं सुकाणू हातात हलकं लागायला लागलं, पुढची चाकं रस्त्याला जेमतेम टेकल्यासारखी. मग मागची खोली डुलली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग जरा जास्त डावीकडे. काय करायचं ते व्हर्लिनला माहीत होतं, त्याने ते चाळीस जणांना शिकवलं होतं: ब्रेक दाबायचा नाही, पाय हळू उचलायचा, सुकाणू सरळ धरायचं. त्याने ते सगळं अगदी बरोबर केलं. पण बरोबर वागून भौतिकशास्त्राला लाजवता येत नाही. खाली काहीतरी मोडल्याचा मोठा आवाज झाला, गाडी एकदम हलकी झाली आणि वळण आलं. व्हर्लिन वळला. खोली सरळ गेली.

ती कर्टिसच्या गॅरेजच्या दारातून आत गेली आणि आत उभी असलेली त्याची सहलीची बोट मागच्या भिंतीपर्यंत ढकलून थांबली. चाळीस खुर्च्या एकामागून एक बाहेर येत राहिल्या. त्यांचा आवाज थांबायला बराच वेळ लागला.

बेव्हरली त्याच गॅरेजमधल्या फ्रीजरमधून मटाराची पिशवी काढून पाच मिनिटांपूर्वी घरात गेली होती. ती मागच्या दारातून बाहेर आली तेव्हा पिशवी अजून हातातच होती. व्हर्लिन पिकअपमधून उतरला आणि त्याला आधी ती पिशवीच दिसली. पुढचे कित्येक महिने लोक त्याच्याशी गॅरेज, बोट, हूक, कागद यांबद्दल बोलत राहिले, पण त्याच्या डोळ्यांपुढे ती मटाराची पिशवी असायची. पाच मिनिटं. पिकअपच्या जागी बस असती तर आत पोरं असती.

कर्टिस मागून येऊन थांबला, उतरला. गॅरेजकडे बघत बराच वेळ टोपी मागेपुढे केली.

"हं," तो म्हणाला. "याहून वाईट होऊ शकलं असतं."

तालुक्याचा पोलीस आला तो वजनाचे चार सपाट काटे घेऊनच. याच पोलिसाला व्हर्लिनने पहिलीपासून सहावीपर्यंत बसमधून नेलं होतं. बसमध्ये त्याला उलटी व्हायची म्हणून पुढच्या बाकावर बसवायचा. आता तो "मिस्टर हाउगेन, जरा मागे सरा" म्हणत होता. खोली आणि बाहेर सांडलेलं सामान, सगळं मिळून भरलं सहा हजार सहाशे चाळीस पौंड. त्याने वाकून हुकावरची चिकटपट्टी हातमोज्याने पुसली.

"मिस्टर हाउगेन, यावर काय लिहिलंय बघितलं होतंत?"

व्हर्लिन उकिडवा बसला. पाच हजार. पुस्तिकेतले नऊ हजार हे वजन सगळ्या चाकांवर वाटणारा वेगळा दांडा लावला तर, असं पुस्तिकेतच शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत होतं. नुसत्या हुकाचे पाच हजार. हूक तुटलाच तर खोली धरून ठेवायच्या साखळ्यांचेही पाच हजार. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे नाकच तुटून कर्टिसच्या अंगणात पडलं होतं.

"मला लिहावं लागेल," पोलीस म्हणाला. बसमध्ये उलटी झाली की तो असाच चेहरा करायचा. त्याने लिहिलं: निष्काळजीपणे वाहन चालवणे.

नॉर्बीची माणसं चांगली आहेत. हे इथे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढचं ऐकून कुणाचा गैरसमज होईल. त्याच दुपारी चर्चच्या खुर्च्या नाहीशा झाल्या, रविवारी लागणार होत्या. संध्याकाळच्या आत जनरेटर गेला. सरपण कुणी नेलं ते कळलं नाही, पण लॉवेलच्या धुराड्यातून त्या आठवड्यात ओल्या लाकडाचा धूर येत होता. शेगडी तेवढी कुठे गेली नाही. तिला जायचंच नव्हतं. ती घरपोच झाली होती, आणि बीड असल्यामुळे तिचा एक टवकाही उडाला नव्हता. सगळ्यांनी जाता जाता लव्हॉनच्या ओट्यावर खिमा-बटाट्याचं हॉटडिश ठेवलं. एकूण सात ट्रे झाले. एकावरही नाव नव्हतं.

तिसऱ्या दिवशी व्हर्लिनचा विमा एजंट डॅरेल निबी आला. डॅरेल गावचाच. हो-नाही न म्हणण्यात त्याने व्यावसायिक प्रावीण्य मिळवलं होतं.

"पैसे मिळणार नाहीत असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "मिळतील असंही म्हणत नाही. कंपनीने पत्र पाठवलंय."

पत्रात लिहिलं होतं की कंपनी आपले सर्व हक्क राखून ठेवत आहे. व्हर्लिनला ते वाचून बरं वाटलं, किती सभ्य भाषा. डॅरेलने सांगितलं की याचा अर्थ, उत्पादकाने घातलेली मर्यादा तू ओलांडलीस, म्हणून तुझ्या बाजूने उभं राहायचं की नाही ते आम्ही सावकाश ठरवू. मग त्याने एक फॉर्म काढला. 'वाहून नेलेल्या सामानाचं वर्णन व मालकी' या मथळ्याखाली दोन ओळींची जागा होती. काट्यावर सहा हजार सहाशे चाळीस, आणि आता गॅरेजमध्ये पडलेली खोली भरली चार हजार दोनशे. थोडं बर्फ वितळलं म्हणावं तरी मधल्या दोन हजारांचं काय?

"सामान होतं," व्हर्लिन म्हणाला.

"कुणाचं?"

ओट्यावरच्या सात ट्रेंकडे बघून व्हर्लिन म्हणाला, "माझंच म्हण."

मग आली बसच्या ठेकेदाराची चिठ्ठी. निष्काळजीपणाचा निकाल लागेपर्यंत बस चालवायची नाही. आरोप सिद्ध झाला तर बस कायमची गेली. तो ठेक्यातलाच नियम होता, आणि व्हर्लिन तो नव्या चालकांना स्वतः वाचून दाखवायचा. बस गेली म्हणजे काय गेलं हे ज्याने कधी पहाटे साडेसहाला चौतीस पोरांच्या टोप्यांमधून डोळे ओळखले नाहीत त्याला सांगून उपयोग नाही. पगार तसा चणे-फुटाणेच होता. पण गावात त्याची दुसरी ओळख नव्हती. सकाळी तो सहाला उठून कपडे घालून स्वयंपाकघरात बसायचा. सात वाजून दहा मिनिटांनी बस दारावरून जायची, दुसरं कुणीतरी चालवत, आणि वळणावर दुसऱ्याऐवजी तिसरा गिअर टाकायचं. ते ऐकून व्हर्लिन कप खाली ठेवायचा.

एप्रिलात कर्टिसच्या विमा कंपनीने व्हर्लिनवर दावा लावला. कर्टिसला गॅरेजचे आणि बोटीचे पैसे तिने देऊन टाकले होते, आता ती ते व्हर्लिनकडून काढणार होती. कागदावर नाव होतं कर्टिस ओल्मस्टेड. कागद सकाळी आला आणि दुपारी कर्टिस स्वतः आला, हातात लिंबाच्या वड्यांचा डबा.

"माझा तुझ्यावर कणभर राग नाही," तो म्हणाला. "हे सगळं कंपनीचं चाललंय. माझं आपलं नावच आहे."

"माहीत आहे," व्हर्लिन म्हणाला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार काय असतो हे पुस्तकात वाचून कळत नाही. त्याने एक वडी खाल्ली. चांगली झाली होती, हेही बोलून दाखवावं लागलं.

त्या दिवशी लव्हॉन पहिल्यांदा भडकली. "सांग ना सरळ सगळ्यांची नावं. लॉवेलचंसुद्धा सांग, माझा भाऊ असला म्हणून काय झालं. आणि त्या मेल्या शेगडीचं तीनदा कशाला विचारायचं? दोनदा पुरलं असतं."

"दोनदा?" व्हर्लिन म्हणाला.

लव्हॉन पुन्हा भांड्यांकडे वळली. दोनदा तिलाही जमलं नसतं.

डॅरेल पुन्हा आला तो साक्षीच्या आदल्या दिवशी. या वेळी तो चक्क सरळ बोलला, म्हणजे खिडकीबाहेर न बघता बोलला. "हे बघ, उद्या शपथेवर एवढंच सांग की कर्टिसनेच शेगडी न्यायला सांगितली आणि त्यानेच चढवली. मग जबाबदारी दोघांत वाटली जाईल. त्यांची कंपनी मऊ पडेल, तडजोड होईल. निष्काळजीपणाचंही साधा दंड भरून मिटेल. बस राहील तुझी."

"त्याने सांगितलं नव्हतं पण."

"व्हर्लिन, ती ढकलगाडी शेगडीखाली आधीपासून होती असं तूच मागाहून सांगितलंस."

"होती. पण सांगितलं नव्हतं."

डॅरेलने कपाळाला हात लावला. त्या रात्री व्हर्लिनला झोप लागली नाही हे वेगळं सांगायला नको. एक वाक्य. सगळ्या गावाला खरं वाटेल, आणि जवळजवळ खरंच असलेलं एक वाक्य.

तालुक्याच्या कचेरीत लांबलचक टेबल होतं. एका टोकाला टंकलेखिका, मध्ये कर्टिसच्या विमा कंपनीची वकीलबाई कॉर्डेरो, ती मूळची टेक्ससची, तिथली माणसं मनातलं तोंडाने बोलतात असं ऐकिवात आहे. भिंतीपाशी कर्टिस, पाठीमागे उशी घेऊन. आधी त्याचीच साक्ष झाली. बाईंनी विचारलं, शेगडी न्या असं तुम्ही सांगितलंत का? कर्टिस म्हणाला, "नाही मॅडम. मी तर म्हणालो, कशाला त्रास." यातलं अक्षरही खोटं नव्हतं. मग व्हर्लिनने हात वर करून शपथ घेतली.

"मिस्टर ओल्मस्टेडनी शेगडी न्यायला सांगितलं?"

व्हर्लिनने कर्टिसकडे पाहिलं. आता बोलेल, त्याला वाटलं. एवढं म्हणेल की अहो, आमच्याकडे तसं म्हणायची पद्धत असते. कर्टिस आपल्या टोपीची आतली शिवण बघत होता.

"नाही," व्हर्लिन म्हणाला.

"मग ते काय म्हणाले?"

"नको म्हणाला."

"किती वेळा?"

"दोनदा. तिसऱ्यांदा बरं म्हणाला."

"म्हणजे तुम्ही तीनदा विचारलंत."

"हो."

"तुमच्या गाडीत आधीच फार भरलंय, असं ते म्हणाले?"

"हो."

"आणि हे ऐकल्यावर तुम्ही काय केलंत?"

"तिसऱ्यांदा विचारलं."

बाईंनी चष्मा काढला. "मिस्टर हाउगेन, मला समजून घ्यायचंय. माणूस नको म्हणतोय, वजन जास्त झालंय असं बजावतोय, आणि तुम्ही त्याची चारशे पौंडांची शेगडी आग्रहाने गाडीत घालताय. का?"

टंकलेखिका नॉर्बीचीच होती. तिने मान खाली घातली. का, हे त्या खोलीत वकीलबाई सोडून सगळ्यांना माहीत होतं आणि शपथेवर सांगता येईल असं त्यात काही नव्हतं.

"चांगलं दिसलं नसतं," व्हर्लिन म्हणाला. तेवढंच टंकलं गेलं.

त्या साक्षीची नक्कल निष्काळजीपणाच्या प्रकरणात गेली. धोक्याची सूचना मिळूनही वजन वाढवले, असा तिचा सरकारी भाषेत अर्थ झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं तर संन्याशानेच फास तीनदा आग्रहाने मागून घेतला होता. बस गेली.

पण ते पुढचं. त्या दिवशी बाहेरच्या बोळात कर्टिस उशी काखेत घेऊन त्याच्याजवळ आला.

"चांगलं केलंस तू," तो हळूच म्हणाला. "तुला वेगळं सांगता आलं असतं. तुझ्या जागी दुसरा असता तर सांगितलं असतं."

म्हणजे याला ठाऊक होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत ठाऊक होतं, आणि तरी तो टोपीची शिवण बघत बसला. व्हर्लिनच्या छातीत काहीतरी तापून वर आलं. एकसष्ट वर्षांत ते तिथवर कधी आलं नव्हतं.

"ढकलगाडीचे पट्टे तू आधीच बांधले होतेस, कर्टिस," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण बोळ दगडी होता आणि शब्द घुमले. "तुझी गाडी रिकामी होती. तुला शेगडी न्यायची होती आणि तुला ती मी न्यायला हवी होती. माझी बस जाणार आता. तू लबाड आहेस."

एवढंच. शिवी नाही, हात उगारला नाही. तो वळून गेला, आणि पार्किंगपर्यंत त्याला फार हलकं वाटलं.

हलकं वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं. तोवर नॉर्बीत सगळ्यांना कळलं होतं. तुटलेला हूक, सहा हजार पौंड, चाळीस खुर्च्या, गॅरेजमध्ये पाच मिनिटांनी वाचलेली बाई, हे सगळं गावाने मार्चमध्ये दोन आठवड्यांत पचवलं होतं. अपघात कुणालाही होतो. पण व्हर्लिन हाउगेन कर्टिसला तोंडावर लबाड म्हणाला. सरकारी इमारतीत. पाठ दुखणाऱ्या माणसाला. दुकानात लोक लव्हॉनला फार हळुवारपणे विचारायला लागले, "व्हर्लिन बरा आहे ना?" लॉवेल म्हणाला की त्याला आधीपासूनच थोडी शंका होती. त्या आठवड्यात हॉटडिशचे ट्रे गेले ते ओल्मस्टेडांच्या ओट्यावर.

मे महिन्यात पास्टरबाई आल्या. बसा म्हटल्यावर फ्रेमसमोरच्या खुर्चीत बसल्या, तिसऱ्या विचारण्याला अर्धा कप कॉफी घेतली आणि म्हणाल्या, "कुणाची बाजू घ्यायला मी आलेली नाही. पण मनात गाठ राहू नये. तू एकदा जाऊन आलास तर गावाला बरं वाटेल."

"माझी चूक झाली असं तुम्हाला वाटतं?"

"मी तसं म्हणणार नाही," पास्टरबाई म्हणाल्या. आणि तसं त्या खरंच म्हणाल्या नाहीत. आपल्या चाळीस खुर्च्यांबद्दलही काही म्हणाल्या नाहीत.

गेले काही आठवडे लव्हॉनशी चर्चच्या स्वयंपाकघरात कुणी धड बोललं नव्हतं. ती व्हर्लिनला काहीच म्हणाली नाही. फक्त रविवारी चर्चला जायचे कपडे काढून ठेवले आणि ते न घालता पलंगाच्या कडेला बसून राहिली. तेवढ्यासाठी व्हर्लिन सोमवारी गेला.

कर्टिसचं नवं गॅरेज जुन्यापेक्षा चार फूट रुंद झालं होतं. नव्या सिमेंटवर नवी बोट होती, आणि कोपऱ्यात ती शेगडी, काळं पॉलिश केलेली, धुराडं जोडलेली. कर्टिस तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसला होता. व्हर्लिनला बघून उठला. पाठ दुखत असूनही उठला, हे त्याने दाखवलं.

"त्या दिवशी मी जे बोललो," व्हर्लिन म्हणाला, "ते तसं बोलायला नको होतं." वाक्य त्याने रस्त्यात चारदा म्हणून पाहिलं होतं, तरी मध्ये अडलं.

कर्टिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत खरोखरच पाणी होतं, तो तसा वाईट माणूस नव्हता. "झालं गेलं," तो म्हणाला. "तुझ्यावर केवढं ओझं होतं त्या वेळी, मला दिसत नाही का? मी बेव्हरलीलाही तेच म्हणालो, मी त्याला मनापासून माफ केलंय."

बाहेरच्या रस्त्यावर शाळेची बस उतार उतरून वळणाकडे आली, आणि चालवणाऱ्याने या खेपेला गिअर बरोबर टाकला. व्हर्लिनने मान वळवली नाही.

"आभारी आहे, कर्टिस," तो म्हणाला.